पत्रांतून दिसणारी डॉक्टर आणि फिलाडेल्फियाचा अंतःप्रकाश

(१) डॉ. आनंदीबाई जोशी म्हटले की ‘पहिली स्त्री डॉक्टर’ हे बिरूद आठवते आणि विषय तिथेच संपतो. पण १८८३ साली एका अठरा वर्षांच्या हिंदू विवाहितेला धर्म न बदलता वैद्यक शिकवणारे महाविद्यालय फिलाडेल्फियात कसे निर्माण झाले? त्याचे उत्तर शोधण्यासाठी सुमारे सव्वादोनशे वर्षे मागे जावे लागते. #धागा

(२) सतराव्या शतकाच्या मध्यास, यादवी युद्धाने ढवळून निघालेल्या इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉक्सने सांगितले की प्रत्येक माणसाच्या ठायी ईश्वरी प्रकाश असतो आणि त्याच्यापर्यंत पोहोचण्यास पुरोहिताची गरज नाही. त्याच्या अनुयायांनी स्वतःला ‘मित्र’ म्हणवले. लोकांनी चिडवण्यासाठी दिलेले ‘क्वेकर’ हे नावच पुढे रूढ झाले. वारकरी परंपरेत वाढलेल्या वाचकाला हा विचार ओळखीचा वाटेल. मात्र साम्य म्हणजे संबंध नव्हे.

(३) या एका विचारातून अनेक निष्कर्ष निघाले. प्रकाश सर्वांत असेल तर सरदारापुढे टोपी का काढावी? शपथ का घ्यावी? आणि स्त्रीने सभेत मौन का पाळावे? मार्गारेट फेल हिने १६६६ साली स्त्रियांच्या धर्मसभेत बोलण्याच्या हक्काचे समर्थन करणारी पुस्तिका लिहिली, तेव्हा ती तुरुंगात होती.

(४) ऑक्सफर्ड आणि केंब्रिजची दारे अशा पंथीयांना बंद होती. म्हणून हुशार क्वेकर तरुण व्यापाराकडे, पेढ्यांकडे आणि वैद्यकाकडे वळले. डॉ. जॉन फॉदरगिल (१७१२–१७८०) हा त्यांपैकीच एक. एडिंबरोत शिकून तो लंडनमधील नामांकित वैद्य झाला. त्याची पत्रे आज उपलब्ध आहेत. रोगी, वनस्पती, शाळा, अमेरिकेशी चाललेला राजकीय तंटा असे सारे विषय त्यांत एकत्र नांदतात.

(५) याच फॉदरगिलने १७६२ साली फिलाडेल्फियाच्या पेनसिल्व्हेनिया हॉस्पिटलला शरीररचनेची चित्रे आणि प्रतिकृती पाठवल्या. विल्यम पेन या क्वेकराने वसवलेल्या त्या शहरात शरीररचनेची व्याख्याने त्या चित्रांच्या आधारे सुरू झाली. विचार आणि विद्या समुद्र ओलांडत होत्या त्या पत्रांच्या आणि खोक्यांच्या वाटेने.

(६) १८५० मध्ये त्याच शहरात स्त्रियांसाठी वैद्यकीय महाविद्यालय निघाले. ते पंथाचे अधिकृत महाविद्यालय नव्हते. पण बार्थोलोम्यू फसेल, जोसेफ लाँगशोर यांसारखे त्यामागचे प्रमुख लोक क्वेकर होते. पहिल्या तुकडीतील क्वेकर विद्यार्थिनी ॲन प्रेस्टन १८६६ साली तिथे अधिष्ठाता झाली. त्यांपैकी अनेकजण गुलामगिरीविरोधी चळवळीतही होते.

(७) वाट सोपी नव्हती. १८६९ साली या महाविद्यालयाच्या विद्यार्थिनी पेनसिल्व्हेनिया हॉस्पिटलमध्ये रुग्णतपासणी पाहण्यास गेल्या, तेव्हा पुरुष विद्यार्थ्यांनी त्यांची हुर्यो उडवली. फॉदरगिलची चित्रे जिथे पोहोचली होती, ते हेच हॉस्पिटल.

(८) आता कोल्हापूर. टपालखात्यात नोकरीस असलेल्या गोपाळराव जोशींनी १८७८ साली पत्नीच्या शिक्षणासाठी अमेरिकन मिशनऱ्याशी पत्रव्यवहार सुरू केला. रॉयल वाइल्डर यांनी ते पत्र आपल्या मासिकात छापले, पण त्यांच्या उत्तराचा रोख धर्मांतराकडे होता. तेच मासिक न्यू जर्सीतील थिओडिशिया कारपेंटर यांच्या हाती पडले आणि १८८० साली त्यांनी होऊन आनंदीबाईंना पत्र लिहिले. अट कोणतीही नव्हती.

(९) नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी मूल, आणि ते मूल दहा दिवसांत गेलेले. कारपेंटरबाईंना ‘मावशी’ म्हणणारी ही मुलगी इंग्रजी पत्रांत घर, सण, चालीरीती, प्रकृती, धर्म या सगळ्यांविषयी मोकळेपणाने लिहिते. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परतेन, ही आपली भूमिका तिने प्रयाणापूर्वी श्रीरामपूर (बंगाल) येथील भाषणात जाहीरपणे मांडली होती.

(१०) गोपाळरावांना लिहिलेल्या पत्रांतला सूर निराळा आहे. पती दूरदेशातून संशय आणि बोचरी टीका धाडतो. ती नम्रपणे, परंतु न डगमगता बालपणी सोसलेल्या मारहाणीची आठवण त्याला करून देते. त्याच्यामुळे आपण शिकलो, हेही ती नाकारत नाही. ‘पतीने घडवलेली पत्नी’ ही सुटसुटीत कथा या पत्रांपुढे टिकत नाही. उपकार आणि अन्याय एकाच हातून झाले होते, आणि दोहोंची नोंद तिने ठेवली.

(११) ११ मार्च १८८६ रोजी तिला पदवी मिळाली. प्रबंधाचा विषय होता प्राचीन हिंदूंचे प्रसूतिशास्त्र. समारंभास पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. १८८५ च्या एका प्रसिद्ध छायाचित्रात आनंदीबाईंशेजारी जपानच्या केइ ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबूली आपापल्या देशी वेशात बसल्या आहेत.

(१२) मात्र अंतःप्रकाशाच्या विचाराची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. एकांतात कैद्याचा प्रकाश जागा होईल, या सद्हेतूने फिलाडेल्फियातील सुधारकांनी एकांतवासाचा तुरुंग उभारण्याचा आग्रह धरला. त्या सुधारकांत क्वेकरांचा मोठा वाटा होता. १८२९ साली हा तुरुंग सुरू झाला. १८४२ साली तो पाहून चार्ल्स डिकन्सने या एकांताला मनाचा छळ ठरवले. हेतू चांगला होता, परंतु ज्यांच्यासाठी हे सारे चालले होते त्यांना कोणी विचारले नव्हते.

(१३) आम्हा आटपाडीकरांना इथे स्वतंत्रपूर आठवल्यावाचून राहत नाही. १९३० च्या दशकाच्या अखेरीस औंध संस्थानात मॉरिस फ्रीडमन यांच्या कल्पनेतून आणि राजे भवानराव पंतप्रतिनिधींच्या पाठिंब्याने भिंती नसलेली कैद्यांची वसाहत वसली. शेती, श्रम आणि विश्वास हा तिचा पाया. ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) ला प्रेरणा याच प्रयोगाची. त्याचे लेखक ग. दि. माडगूळकर याच मुलखातले. फिलाडेल्फियाच्या तुरुंगाशी याचा थेट धागा मी जोडत नाही. पण माणसात चांगुलपणा आहे या एकाच श्रद्धेतून एके ठिकाणी कोठडी बांधली गेली आणि दुसरीकडे भिंत पाडली गेली, ही तुलना विचार करण्याजोगी आहे.

(१४) कोल्हापूर दरबाराने आनंदीबाईंना आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या (आजचे सीपीआर) स्त्रीविभागासाठी नेमले होते. क्षयाने ते होऊ दिले नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षे पूर्ण होण्याआधीच, पुण्यात त्यांचे निधन झाले. रक्षा कारपेंटरबाईंकडे गेली आणि न्यू यॉर्क राज्यातील पोकिप्सीत त्यांच्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवली गेली.

(१५) डॉक्टर म्हणून त्यांनी स्वतंत्रपणे चालवलेला रुग्णविभाग इतिहासात नाही. त्यांची पत्रे मात्र आहेत. ती जपली गेली म्हणून कॅरोलाइन डॉल (१८८८) आणि काशीबाई कानिटकर यांना चरित्रे लिहिता आली, आणि पुढे मीरा कोसंबींना त्यांचा नव्याने अर्थ लावता आला. मूर्ती घडवायला एक बिरूद पुरते. माणूस समजायला त्याच्या हातचा कागद लागतो.

(१६) आपल्या घरातील जुन्या पेटीत आजीची, पणजीची पत्रे असतील तर रद्दीत देऊ नका. मोडी वाचता येत नसेल तर वाचणारे भेटतात. गेलेला कागद परत मिळत नाही.

धागा समाप्त. चुका आढळल्यास जरूर सांगा.