तुळशीवरचा हुकूम

इ.स. १७३६ मध्ये गोव्याच्या इन्क्विझिशनने एक लांबलचक जाहीरनामा काढला. तो इथल्या ख्रिस्ती झालेल्या लोकांसाठी होता. लग्नात ओव्या म्हणायच्या नाहीत, पुरुषांनी पुडवें नेसायचे नाही, बायकांनी चोळी घालायची नाही, हिंदूंसारखा बिनमिठाचा भात शिजवायचा नाही... अशी ती यादी. त्याच यादीत तुळस आहे. घरात, अंगणात, बागेत कुठेही तुळस लावू नये आणि असलेली उपटून टाकावी, असा तो हुकूम. प्रियोळचेच सुपुत्र अ. का. प्रियोळकर यांनी 'दि गोवा इन्क्विझिशन' (१९६१) या ग्रंथात या जाहीरनाम्याची तपशीलवार माहिती दिली आहे.

या हुकुमाचा उल्लेख आपल्याकडे बहुतेक वेळा जुलुमाचे उदाहरण म्हणून होतो. तो जुलूम होताच, त्यात वाद नाही. पण मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते.

मी सरकारी खात्यात कारकून. परिपत्रके वाचायची, त्यांवर टिपणी लिहायची आणि फाईल पुढे पाठवायची, यातच निम्मे आयुष्य गेले. जे कोणी करतच नाही त्याच्यावर कधी परिपत्रक निघत नाही, एवढे मला या नोकरीने शिकवले. 'कर्मचाऱ्यांनी वेळेवर यावे' असे परिपत्रक निघाले, की कर्मचारी उशिरा येतात हे समजून घ्यायचे!

आता हाच हिशेब त्या जाहीरनाम्याला लावून पाहा. तिसवाडी, बार्देश, सासष्टी या जुन्या काबिजादींत धर्मांतराची लाट आली ती सोळाव्या शतकात. इन्क्विझिशन इथे आले १५६० साली. म्हणजे पावणेदोनशे वर्षांची जरब बसल्यावरही ख्रिस्ती घरांच्या अंगणात तुळस उभी होती. नाव बदलले, देव बदलला, पण झाड तेच राहिले. ज्यांना सगळ्या जुन्या गोष्टींवर तुळशीपत्र ठेवावे लागले, त्यांना तुळशीवर काही तुळशीपत्र ठेवता आले नाही.

का बरे ठेवता आले नसेल? श्रद्धा हे एक उत्तर झाले. पण तेवढेच नसावे. इन्क्विझिशनला तुळशीत फक्त पूजा दिसली. घरातल्या बाईला मात्र तिच्यात औषधाचा डबाही दिसत होता.

तुळशीचे जुने संस्कृत नाव सुरसा. चरकसंहितेत श्वासाच्या विकारावरच्या दहा द्रव्यांत ती आहे. सुश्रुताने तर तिच्या नावाने औषधांचा एक गणच सांगितला आहे, सुरसादि गण, आणि तो कफ, कृमी, पडसे, खोकला, दमा यांसाठी. आपल्या घरातला काढा त्याच वाटेवरचा. पाचसात पाने, आल्याचा तुकडा, चार मिरी ठेचून पाण्यात उकळायचे, पाणी निम्मे आटले की गूळ घालायचा. ज्या घरात वैद्य बोलवायला पैसे नव्हते, तिथे पावसाळ्यातले पहिले औषध हेच. तुळशीच्या पानात युजेनॉल नावाचे द्रव्य असते. लवंगेच्या तेलातही तेच मुख्य. चुरडलेल्या तुळशीला लवंगेसारखा वास येतो तो त्यामुळेच.

स्वयंपाकात मात्र आपण तिला जरा दूरच ठेवले. नैवेद्याच्या पानावर एक दळ, तीर्थात एक दळ, ग्रहणात दुधापाण्याच्या भांड्यांत एकेक पान, बस्स. आमच्याकडे तर पान चावायचे नाही, गिळायचे, अशी शिस्त होती. थायलंडमध्ये मात्र हीच तुळस लसूण-मिरचीबरोबर मांसात परततात आणि भातावर वाढतात. ऐकून आपल्याला थोडे दचकायला होते, नाही? पण झाड तेच, फक्त चूल वेगळी.

सौंदर्यप्रसाधन हा शब्द आपल्या आज्यांना माहीत नव्हता, पण वापर होताच. गजकर्णावर पानांचा रस लिंबू पिळून लावायचा (कातडी नाजूक असेल तर तो भयंकर झोंबतो, तेव्हा जपून). पोरींच्या डोक्यात उवा झाल्या की रस केसांना चोळायचा. सुकी पाने कुटून उटण्यात घालणाऱ्या बायका मी स्वतः पाहिल्या आहेत. तुळशीचे काष्ठ सहाणेवर उगाळून कपाळाला लावायचे, ते तर देवाचे आणि शृंगाराचे दोन्ही.

या ज्ञानाची एक पाती गोव्याबाहेरही गेली. जाचाला कंटाळून गोवा सोडलेली कितीतरी कोकणी कुटुंबे कोचीला स्थिरावली. तिथल्या डच गव्हर्नर व्हॅन र्‍हेडने मलबारच्या वनस्पतींवर 'होर्तुस मलाबारिकुस' हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला (१६७८ ते १६९३). त्याला मदत करणाऱ्यांत इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याबरोबर रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट हे तिघे कोकणी ब्राह्मण होते. त्यांचे १६७५ सालचे कोकणी प्रशस्तिपत्र नागरी लिपीतच पहिल्या खंडात छापले आहे. इकडे एका युरोपीय सत्तेने ज्या झाडावर हुकूम काढला, त्याच झाडाच्या भाऊबंदांची चित्रे दुसऱ्या युरोपीय सत्तेच्या माणसाने आपल्याच लोकांच्या मदतीने काढवून घेतली होती!

आणखी एक गंमत. तुळशीची सख्खी बहीण म्हणजे सब्जा. त्याचे बी आपण उन्हाळ्यात भिजवून दुधात किंवा फालुद्यात घालतो. मूळचा हा आशिया-आफ्रिकेच्या उष्ण भागातला, तिथून युरोपात गेला. त्याच कुळातल्या बारीक पानांच्या झुडपाला पोर्तुगालमध्ये मांजेरिको म्हणतात. लिस्बनला १३ जूनच्या सांत आंतोनीच्या सणात त्याची कुंडी आवडत्या माणसाला भेट देतात, वर कागदी फूल आणि चार ओळींची कविता खोचून. झाडाला नाक लावायचे नाही, तळहात पानांवर फिरवून तो हुंगायचा असा रिवाज. ग्रीक चर्चमध्ये तर क्रूसाच्या सणाला, १४ सप्टेंबरला, याच कुळातल्या जुड्या वाटतात. संत हेलेनाला क्रूस सापडला त्या जागी हे झाड उगवले होते, अशी त्यांची कथा. म्हणजे वासाच्या या झाडाला देव वर्ज्य नव्हता, कुठलाच नाही. आक्षेप होता तो आपल्या अंगणातल्या झाडाला.

पुढे काय झाले ते आपण बघतोच. जुन्या काबिजादींतून नदी ओलांडून फोंड्याकडे गेलेल्या देवांबरोबर तुळसही गेली. मंगेशी, कवळे इथल्या देवळांसमोरची वृंदावने बघा. ख्रिस्ती घरांपुढे चौथऱ्यावर पांढरा क्रूस आला. त्या चौथऱ्याचे वृंदावनाशी साम्य अनेक अभ्यासकांनी दाखवले आहे. इन्क्विझिशन १८१२ साली कायमचे बंद झाले. आमच्या वाड्यावरच्या एका ख्रिस्ती म्हातारीच्या परसात, विहिरीच्या कडेला तुळशीची चार रोपे आहेत. पूजा नाही, दिवा नाही. नातवंडांना खोकला झाला की पाने खुडते. तिला १७३६ सालचा तो कागद ठाऊक नाही, आणि ठाऊक असण्याची गरजही नाही.

काळजी वाटते ती दुसरीच. आता तुळस उपटा म्हणून कोणी सांगत नाही. फ्लॅटच्या गॅलरीत प्लास्टिकच्या कुंडीत ती आहे, व्हडल्या दिवाळीला दिंड्याची काठी आणि ऊस लावून तिचे लग्नही होते, चिरमुल्योही वाटल्या जातात. पण खोकल्याला आपण बाटलीतला अर्क विकत आणतो. काळी तुळस कुठली, पांढरी कुठली आणि रानतुळस कशी ओळखायची, हे नव्या सुनेला सांगणारे कोणी घरात उरले नाही. इन्क्विझिशनला तुळशीत फक्त पूजा दिसली होती. आज आपल्यालाही तेवढीच दिसू लागली आहे.

तेव्हा यंदा तुळशीच्या लग्नाला घरात कोणी जुने माणूस असेल, तर अक्षता टाकून झाल्यावर त्याच्याजवळ जरा बसा. काढ्यात मिरी किती, पाने किती, ते विचारून घ्या आणि लिहून ठेवा.