रंगीत कागदांचा हिशोब

मागच्या बैठकीत आपल्या गटातल्या आजींनी विचारलं, "मला अक्षर येत नाही. माझे किती जमले ते मी कसं ओळखायचं?" तेव्हा आम्हाला भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या बाया आठवल्या. आज त्यांची गोष्ट सांगतो.

भायखळ्याजवळ नागपाड्याला 1920 नंतरच्या दशकात अमेरिकन मराठी मिशनच्या क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी 'नागपाडा नेबरहूड हाऊस' हे सेवाकेंद्र उभं केलं. वस्तीतल्या गरीब कुटुंबांसाठी आणि मुलांसाठी तिथं काम चाले. तिथंच 1936 साली समाजकार्य शिकवणारी शाळा निघाली. आजची टाटा समाजविज्ञान संस्था ती हीच.

पुढे याच केंद्रात शीला पटेल आणि त्यांच्या सोबतिणी काम करत होत्या. काम चांगलंच होतं. पण आज बाळाला लस टोचायची आणि उद्या महापालिकेची गाडी येऊन त्याचं झोपडंच उचलून नेणार! भांडीकुंडी, कपडे, सगळं गाडीत. अशा वेळी लस देणाऱ्यांच्या हातात काय राहतं? हा प्रश्न त्यांना सोडेना. म्हणून 1984 साली त्यांनी 'स्पार्क' ही संस्था काढली.

त्याआधी, 1981 च्या ऐन पावसाळ्यात, फुटपाथवरची माणसं हटवून आपापल्या गावी परत पाठवायची असं राज्य सरकारनं ठरवलं होतं. गावी परत! गावात पोट भरलं असतं तर कोण फुटपाथवर निजायला गेलं असतं? प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. निकाल 10 जुलै 1985 ला लागला. रोजीरोटी हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं न्यायालयानं म्हटलं. पण नोटीस देऊन फुटपाथ मोकळे करायची मुभाही दिली. फक्त पावसाळा संपेपर्यंत थांबायचं.

बायांपाशी थोडेच महिने होते. 1976 साली सरकारनं झोपडपट्ट्या मोजल्या, त्यात फुटपाथवाले धरलेच नव्हते. कागदावर त्या नव्हत्याच. तेव्हा स्पार्कनं वस्तीतल्या लोकांना सोबत घेऊन 1985 सालीच मोजणी केली. सहा हजारांच्या आसपास कुटुंबं भरली. कोण कुठून आलं, कधी आलं, कामाला कुठं जातं, सगळं लिहून काढलं. बहुतेक जण चालत कामाला जाणारे निघाले. म्हणजे फुटपाथ सोडला की कामही सुटणार.

यातूनच 'महिला मिलन' उभं राहिलं. रेशनकार्डाची खटपट, पोलीस चौकीत बोलणं, हे बाया एकमेकींकडून शिकल्या. आणि बचत. रोज दारोदार फिरून एक रुपया, दोन रुपये गोळा करायचे, अडीनडीला त्यातूनच कर्ज द्यायचं. बहुतेकींना लिहिता येत नव्हतं. मग रंगीत कागदाचे तुकडे केले. एक रंग एका रुपयाचा, दुसरा दोनाचा, तिसरा पाचाचा. ज्या घराचे जेवढे पैसे, तेवढे तुकडे त्या घराच्या पिशवीत. हिशोब बघायला शिकलेलं माणूस बोलवावं लागत नसे.

घराचा विचारही त्यांनीच केला. साडी धरून मापं घेतली, चौदा फूट उंचीचं घर ठरवलं, म्हणजे आत माळा घालता येईल आणि मुलांना निजायला जागा होईल. तसं नमुन्याचं घर भायखळ्यात उभारून लोकांना दाखवलंही.

1995 मध्ये राज्य सरकारनं फुटपाथवाल्यांना पुनर्वसनाच्या योजनेत घेतलं. मोजणीपासून इथवर यायला दहा वर्षं गेली! पुढे काही कुटुंबांना मानखुर्दला मिलन नगरात पक्कं घर मिळालं. आम्हाला एक गोष्ट मात्र खटकते. मानखुर्द भायखळ्यापासून लांब. जिथं चालत कामाला जायचं, तिथं आता गाडीची गर्दी आणि तिकीट. तरी दाराला आतून कडी लावून पोरांना निजवता येणं काय असतं, ते पावसात झोपडं गमावलेल्या बाईलाच कळेल.

आपल्या आजींसाठी पुढच्या मंगळवारी हिरवा, पिवळा आणि गुलाबी पतंगाचा कागद आणायचं ठरलं आहे. दहाच्या नोटेला कोणता रंग द्यायचा, ते त्याच सांगतील.