फोटो कुणाचा? पोझ आणि कँडिड यांच्या निमित्ताने

(मंगळवेढा येथील व्याख्यानाचे शब्दांकन)



मागच्या वर्षी पुतणीचं लग्न होतं. फोटोग्राफर घरी आला आणि म्हणाला, “सर, ट्रॅडिशनल पाहिजे, कँडिड पाहिजे, का दोन्ही?” तिन्हींचे दर वेगळे. भाऊ माझ्याकडे बघायला लागला. तत्त्वज्ञानात डॉक्टरेट केलेला माणूस घरात आहे, म्हटल्यावर उत्तर त्यानंच द्यायचं! मी “दोन्ही” म्हणून सुटका करून घेतली. पण प्रश्न काही सुटला नाही.

आपली साधी समजूत अशी असते की पोझ दिलेला फोटो म्हणजे नाटक, आणि नकळत काढलेला फोटो म्हणजे खरा माणूस. मीही बरीच वर्षं हेच मानत होतो. आज ती समजूत थोडी तपासून बघू.

फोटोग्राफीचा शोध जगापुढे आला १८३९ साली. आपल्याकडे ती फार उशिरा आली असं नाही. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी निघाली होती, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळातले नावाजलेले फोटोग्राफर. सुरुवातीला काचेवर प्रकाश पडायला वेळ लागायचा. माणूस हलला की चेहरा पुसट व्हायचा. म्हणून खुर्चीच्या मागे डोकं टेकवायला लोखंडी आधार असे. जुन्या फोटोतली माणसं ताठ दिसतात त्याचं एक कारण हे.

पण एकच कारण. १८८० च्या सुमारास कोरड्या काचा बाजारात आल्या आणि फोटो क्षणात निघायला लागला. १८८८ मध्ये कोडॅकचा हातात धरायचा कॅमेरा आला. १९२५ मध्ये लायका आला, खिशात मावणारा. आता ताठ बसायची सक्ती उरली नाही. तरी आपली माणसं पुढची साठ-सत्तर वर्षं स्टुडिओत ताठच बसली. म्हणजे पोझ ही नुसती यंत्राची गरज नव्हती. माणसालाही ती हवी होती. का हवी होती?

इथे मला आपल्या गावातलं एक उदाहरण घ्यावंसं वाटतं. मंगळवेढ्याचं नाव घेतलं की दामाजीपंत, कान्होपात्रा, चोखोबा आठवतात. यांतल्या एकाचाही खरा चेहरा आपल्याला माहीत नाही. चोखोबा तर इथेच, गावकुसाचं काम करताना, भिंत कोसळून गेले. परंपरा सांगते की नामदेवांनी त्यांच्या अस्थी ओळखल्या त्या विठ्ठलनामाच्या आवाजावरून. ओळख उरली ती आवाजाची, चेहऱ्याची नाही.

त्याच चोखोबांना, नंदनार आणि रविदासांबरोबर, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ मध्ये आपला अस्पृश्यांविषयीचा ग्रंथ अर्पण केला. त्या बाबासाहेबांचा एक कौटुंबिक फोटो तुम्ही पाहिला असेल. फेब्रुवारी १९३४, दादरचं राजगृह. यशवंतराव, बाबासाहेब, रमाबाई, वहिनी लक्ष्मीबाई, पुतण्या मुकुंदराव, आणि लाडका कुत्रा टॉबीसुद्धा. सरळ सरळ पोझ दिलेला फोटो. पुढच्याच वर्षी मे महिन्यात रमाबाई गेल्या. हा फोटो कृत्रिम आहे असं कोण म्हणेल? ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या कुणी नीट पाहिलंच नाही, त्यांनी स्वतःच्या घरात, स्वतःला हवं तसं उभं राहून सांगितलं, “आम्हाला असं बघा.” माझ्या मते पोझचा खरा अर्थ हा आहे.

आता माझ्या घरची गोष्ट सांगतो. १९५८ च्या कार्तिकीला आई-वडील पंढरपूरला गेले होते. मी आठ वर्षांचा, बरोबर होतो. तिथल्या स्टुडिओत फोटो काढला. मागे रंगवलेला पडदा, वडील खुर्चीवर, आई बाजूला उभी. फोटोवाल्यानं आईच्या मनगटावर स्टुडिओतलं घड्याळ बांधलं. तिला वेळ बघता येत नव्हती, पण हात तिनं असा धरलाय की घड्याळ दिसलंच पाहिजे!

१९७४ मध्ये पहिल्या पगारातून मी आगफा क्लिक थ्री घेतला. एका रोलमध्ये बारा फोटो. सुगीत, ज्वारीच्या रानात, आई कसल्याशा गोष्टीवर मोठ्यानं हसत होती. पदर घसरलेला, केस विस्कटलेले. मी नकळत क्लिक केलं. माझ्या हातून निघालेला सगळ्यात चांगला फोटो तो. आईला दाखवला तर म्हणाली, “सांगायचंस तरी, लुगडं बदललं असतं की रं.”

१९९१ मध्ये आई गेली. भिंतीवर कोणता फोटो लावायचा यावर भावंडांत वाद झाला. मी हसणाऱ्या फोटोसाठी हट्ट धरला. म्हटलं, खरी आई ही आहे, घड्याळवाली नाही. बहीण शांतपणे म्हणाली, “दादा, हा तुला आवडतो. तो तिला आवडायचा.”

मला उत्तर सुचलं नाही. पुढे मी रोलाँ बार्थ या फ्रेंच विचारवंताचं १९८० सालचं फोटोग्राफीवरचं पुस्तक वाचलं. आई गेल्यावर तो तिचे फोटो चाळत बसतो. कशातच ती सापडत नाही. शेवटी सापडते ती १८९८ सालच्या एका फोटोत. पाच वर्षांची मुलगी, काचेच्या बागघरात भावाशेजारी उभी केलेली. तोही पोझ दिलेलाच फोटो! आणि तो त्यानं पुस्तकात छापलाच नाही. इतरांना त्यात काय दिसणार, असं त्याला वाटलं.

तेव्हा खरं-खोटं हा भेद इथे चालत नाही. कँडिड फोटोत बघणाऱ्याचं प्रेम असतं. पोझमध्ये बसणाऱ्याची इच्छा असते. पहिल्यात मला दिसलेली आई, दुसऱ्यात आईला दिसलेली आई. घराला दोन्ही लागतात. पण निवड करायची वेळ आली, तर ज्याचा फोटो आहे त्याला आधी विचारावं. आता तर प्रत्येकाच्या हातात कॅमेरा आहे. म्हातारी माणसं जेवताना, झोपताना, दवाखान्यात पडलेली असताना आपण फोटो काढतो आणि ग्रुपवर टाकतो. त्यांना लुगडं बदलायला वेळ कोण देतं?

पंढरपूरचा फोटो आज आमच्या भिंतीवर आहे. रानातला माझ्या टेबलावर. घरी गेल्यावर तुम्हीही घरातल्या वडीलधाऱ्यांना एकदा विचारा, “तुमचा कोणता फोटो तुम्हाला आवडतो?” आणि तो मागच्या बाजूला नाव, गाव, साल लिहून जपून ठेवा.