गडचिरोलीची मोजदाद

एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांच्या दोन ओळी. १९८०च्या दशकाच्या अखेरीस गडचिरोली जिल्ह्यातल्या सुइणींच्या हाती हे साधन आलं. खोकणारं बाळ समोर निजवायचं, घड्याळ उलटं करायचं, पोटाच्या हालचालीवर नजर ठेवायची आणि दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्याची पाळी आली, तर न्यूमोनिया समजून औषध सुरू करायचं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला मिनिटाला ६० श्वासांची मर्यादा, त्याहून मोठ्याला ५०ची, म्हणून ओळी दोन. अनेक सुइणींना दहा-बाराच्या पुढे मोजता येत नव्हतं. त्यामुळे त्यांना वगळायचं नाही, साधनच त्यांच्या हाताजोगं करायचं, असं ठरलं. आरोग्यसेवेच्या इतिहासात इतकं स्वस्त आणि इतकं शहाणपणाचं यंत्र क्वचितच सापडेल.

चंद्रपूरपासून वेगळा होऊन गडचिरोली जिल्हा १९८२मध्ये अस्तित्वात आला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन परतले आणि १९८६पासून इथे कामाला लागले. त्यांच्या संस्थेचं नाव ‘सर्च’. सुरुवातीला त्यांनी सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा अभ्यास हाती घेतला. संशोधन म्हणून तो महत्त्वाचा होता, पण गावकऱ्यांनी हा आजार आपल्याला सर्वांत जास्त सतावतो असं कधी म्हटलंच नव्हतं. पुढच्या कामाची रीत या अनुभवातून ठरली: आधी लोकांना विचारायचं, मग मोजायचं, आणि उपाय करून झाल्यावर पुन्हा मोजायचं.

मोजणीने पहिला धक्का दिला तो बायकांच्या दुखण्याबद्दल. दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी झाली. त्यांतल्या ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता, आणि त्याआधी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. १९८९मध्ये हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. तोवर ग्रामीण स्त्रीचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढ्यावरच सरकारी कार्यक्रम थांबत असत. ज्या दुखण्याची नोंद होत नव्हती, त्यावर उपचाराची सोयही नव्हती.

दवाखाना कसा असावा, हेही लोकांनाच विचारलं गेलं. मोठ्या इमारतीत वाट चुकते, असं आदिवासींनी सांगितलं. पांढरे कपडे घातलेल्या माणसांची भीती वाटते, कारण पांढरं कापड मढ्यावर घालतात. नातेवाइकांना बाहेर काढलं, तर आजारी माणूस एकटा पडतो. ‘सर्च’च्या शोधग्राम या वसाहतीतलं रुग्णालय मग आदिवासी गावासारखं उभं राहिलं: झोपड्यांच्या धर्तीची घरं, त्यांत रुग्णाबरोबर घरची माणसं. नाव पडलं माँ दंतेश्वरी दवाखाना, या भागातल्या देवीवरून. रुग्णाच्या कुटुंबाला गर्दी न मानता उपचाराचा भाग मानणारी ही मांडणी आपल्या शहरांतल्या कितीतरी रुग्णालयांना अजून जमलेली नाही.

‘सर्च’च्या न्यूमोनियावरच्या प्रयोगात ५८ गावांत सुइणी आणि गावपातळीवरचे कार्यकर्ते औषध देत होते. ४४ गावं तुलनेसाठी होती. न्यूमोनिया झालेल्या मुलांपैकी दगावण्याचं प्रमाण उपचाराच्या गावांत ०.८ टक्के, तर तुलनेच्या गावांत १३.५ टक्के आढळलं. एक वर्षाच्या आतल्या बाळांचे मृत्यू हजारी १२१च्या तुलनेत ८९ होते. हजारी ८९ हा आकडाही भयानकच होता. बाळं आता मरत होती ती मुख्यतः जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यात, बाळंतिणीच्या खोलीतच.

त्या खोलीत शिरण्यासाठी गावातल्याच पाचवी ते दहावी शिकलेल्या बायका निवडल्या गेल्या. त्यांना नाव मिळालं आरोग्यदूत. आधी त्यांनी एक वर्ष नुसती नोंद केली. १९९५-९६मध्ये ७६३ नवजात बाळं पाहिली गेली. त्यांतल्या ५४ टक्के बाळांना वैद्यकीय मदतीची गरज होती, आणि ती मिळाली २.६ टक्क्यांना. त्यानंतर आरोग्यदूत बाळाचं वजन करू लागल्या, थंड पडलेल्या बाळाला उबदार पिशवीत ठेवू लागल्या, गुदमरलेल्याला श्वास देऊ लागल्या आणि जंतुसंसर्ग ओळखून जेंटामायसिनचं इंजेक्शन देऊ लागल्या. गावातल्या कमी शिकलेल्या बाईच्या हाती सुई देणं हे त्या काळी मोठं धाडस होतं, आणि म्हणूनच कडक हिशेबाशिवाय ते कोणी मान्य केलं नसतं.

हिशेब कडक होताच. प्रयोगाची ३९ गावं, तुलनेची ४७. जन्म-मृत्यूची नोंद वेगळे कार्यकर्ते करत. शिवाय दर सहा महिन्यांनी घरोघरी जाऊन ती पुन्हा ताडून पाहिली जाई. प्रयोगाच्या गावांत नवजात मृत्युदर हजारी ६२वरून २५.५वर आला, तुलनेच्या गावांत तो फारसा हलला नाही. डिसेंबर १९९९मध्ये हे ‘लॅन्सेट’ने छापलं. एका बाळामागे खर्च होता सुमारे पाच डॉलर.

याच पद्धतीची मोजणी मग गडचिरोलीबाहेर गेली. राज्यातल्या अनेक संस्थांनी मिळून घरोघर बालमृत्यू मोजले आणि २००१मध्ये ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल दिला. सरकारी नोंदींतून किती बाळांचे मृत्यू निसटतात, हे त्यातून पुढे आलं आणि शासनाला बालमृत्यूंच्या मूल्यमापनासाठी समिती नेमावी लागली.

२००९मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने नवजात बाळांसाठी गृहभेटींची शिफारस केली. २०११मध्ये देशभरातल्या ‘आशा’ या गावपातळीवरच्या आरोग्य कार्यकर्त्यांकडे हे काम आलं: तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी भेट, बाळंतपण घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीही. सगळ्या भेटी पूर्ण झाल्या की २५० रुपये. भेटीचा फॉर्म आशा स्वतः भरते, आणि त्या फॉर्मवरच तिचं मानधन ठरतं. गडचिरोलीच्या प्रयोगात सेवा देणारीपासून नोंद वेगळी ठेवली होती आणि ती वर्षातून दोनदा घरोघरी ताडून पाहिली जात होती. आशांकडून घरभेटी घ्यायच्या असतील, तर ती दुसरी मोजणीही सरकारने त्यांच्या जोडीला द्यायला हवी होती. तिचा भार आणि तिचा संशय, दोन्ही आशांवर टाकायला नको होता.