श्रमदान आणि कष्ट : पुणे शहराच्या स्वच्छतेतील स्वयंसेवेचा इतिहास

नगरांच्या स्वच्छतेचा इतिहास सामान्यतः नगरपालिकांचे ठराव आणि गटारांच्या योजना यांच्या आधारे लिहिला जातो. तो अपुरा आहे, असे म्हणावयास प्रत्यवाय नसावा. केर काढणे हे काम एकच असले, तरी ते कोण करतो, कोणाच्या आज्ञेने करतो आणि त्याचा मोबदला त्याला मिळतो की नाही, यांवरून भाषेत त्याची नावे पालटतात. मराठीत हेच काम कधी 'वेठ' ठरले, कधी 'सेवा', कधी 'श्रमदान', तर कधी 'कष्ट'. पुणे शहराच्या सव्वाशे वर्षांच्या अनुभवात या शब्दांची जी सरमिसळ झाली, तिच्याकडे पाहिले असता नागरिकांच्या स्वयंसेवेचे सामर्थ्य आणि तिच्या मर्यादा अशा दोहोंवर प्रकाश पडतो.

'वेठ' हा शब्द संस्कृत 'विष्टि' या शब्दापासून आला. राजाज्ञेने, मोबदल्याविना करावयाचे काम असा त्याचा अर्थ. 'वेठबिगार' या जोडशब्दात याच अर्थाचे फारसी पद पुन्हा जोडले गेले आहे. गावगाड्यात घाणीशी संबंध येणारी कामे विशिष्ट जातींच्या माथी मारलेली होती. त्यामुळे वेठीचा भार सर्वांवर सारखा कधीच नव्हता. स्वच्छता सक्तीने लादली गेली म्हणजे काय घडते, याचा अनुभव पुण्याच्या इतर वस्तीला १८९७ च्या प्लेगात आला. रँड यांच्या अधिकाराखाली गोऱ्या शिपायांनी घरे झडली, सामानसुमान बाहेर काढून जाळले. २२ जून १८९७ च्या रात्री चाफेकर बंधूंनी रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या, त्यामागे हा क्षोभ होता. याच साथीत सावित्रीबाई फुले रुग्णांची शुश्रूषा करताना १० मार्च १८९७ रोजी मृत्यू पावल्या. एकाच साथीत आज्ञेची स्वच्छता आणि आपखुशीची सेवा ही दोन्ही टोके शहराने पाहिली.

'स्वयंसेवक' हा शब्द पुढे राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनांमुळे रूढ झाला. परंतु सेवा आपखुशीची असली, तरी ती कोणती करता येईल हे जात ठरवीत होती. या संदर्भात कोकणातील कार्यकर्ते आप्पा पटवर्धन यांचे उदाहरण उद्बोधक आहे. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी मैलासफाईचे काम मागितले. उच्चवर्णीय बंद्याला ते देण्यास अधिकाऱ्यांनी नकार दिला. त्यांच्या समर्थनार्थ गांधीजींनी पुण्याच्या येरवडा तुरुंगात डिसेंबर १९३२ मध्ये उपवास केला. एकावर जे काम जन्माने लादले जाते, ते दुसऱ्याला मागूनही मिळत नाही, ही विसंगती या प्रसंगाने उघडी पडली. आप्पांच्या मागणीचे महत्त्व त्यांनी केलेल्या सफाईपेक्षा या विसंगतीवर ठेवलेल्या बोटात अधिक आहे.

'श्रमदान' हा शब्द सर्वतोमुखी झाला तो स्वातंत्र्यानंतर. १९५१ साली विनोबांच्या भूदान चळवळीचा आरंभ झाला आणि 'दान' हे उत्तरपद असलेल्या समासांना नवी प्रतिष्ठा लाभली. १९५२ मध्ये सुरू झालेल्या सामूहिक विकास योजनेने श्रमदान खेडोपाडी नेले. शहराला त्याची खरी निकड भासली ती १२ जुलै १९६१ रोजी. त्या दिवशी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचे धरणही गेले, आणि मुठेच्या पुराने नदीकाठच्या पेठा उद्ध्वस्त केल्या. पाणी ओसरल्यावर घराघरांत साचलेला चिखल उपसण्यास लष्कराबरोबर नागरिक आणि विद्यार्थीही पुढे सरसावले. संकटकाळी श्रमदान कसे फलदायी होते, याचे हे उत्तम उदाहरण होय. मात्र चिखल एकदा उपसला की संपतो. कचरा रोज नव्याने साठतो. दान नैमित्तिक असते, कचरा नित्याचा, आणि स्वयंसेवेची मर्यादा नेमकी येथे सुरू होते.

हे नित्याचे काम करणारा एक वर्ग शहरात होताच. उकिरड्यांवरून आणि कचराकुंड्यांतून विकाऊ वस्तू वेचून त्यांवर उपजीविका करणाऱ्या या व्यक्तींत बहुसंख्य दलित स्त्रिया होत्या. १९९० च्या सुमारास श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या पुण्यातील प्रौढ व निरंतर शिक्षण विभागातील कार्यकर्त्या साक्षरतेच्या निमित्ताने त्यांच्यात मिसळल्या, आणि १९९३ साली बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली या श्रमिकांची 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' स्थापन झाली. हे नाव भाषेच्या अभ्यासकाने थांबून पाहावे असे आहे. त्यात 'कचरा' हा शब्दच नाही. कागद, काच आणि पत्रा हे भंगाराच्या व्यापारातील मालाचे वर्ग होत. ज्याला शहर घाण म्हणते तो माल आहे, आणि तो निवडणारी स्त्री ही कष्टकरी आहे, असा दुहेरी दावा त्या नावात सामावला आहे. पुढे याच संघटनेतून 'स्वच्छ' ही सहकारी संस्था उभी राहिली आणि २००८ साली पुणे महानगरपालिकेशी झालेल्या करारानुसार तिच्या सभासद घरोघरचा कचरा गोळा करू लागल्या. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत 'कचरावेचक' या वर्गाची व्याख्याही आली.

या पार्श्वभूमीवर शहरातील अलीकडील स्वयंसेवी उपक्रमांचे मूल्यमापन करावयास हवे. नदीकाठची सफाई, टेकड्यांवरील वृक्षारोपण, धावता धावता प्लास्टिक उचलणे असे अनेक उपक्रम सुट्टीच्या दिवशी होतात. शेवटच्या उपक्रमाला 'प्लॉगिंग' हे स्वीडनमधून आलेले नाव आहे. रविवारी सकाळी तरुणाने उचललेली बाटली हे प्लॉगिंग, आणि सोमवारी कष्टकरी स्त्रीने उचललेली तीच बाटली ही मात्र कचरा वेचण्याची क्रिया! वस्तुतः 'वेचणे' हे मराठीतील सुंदर क्रियापद आहे. फुले वेचतात, कापूस वेचतात. उत्तम तेवढेच निवडलेले ते 'वेचक'. शब्दाला कमीपणा येतो तो त्याच्या अर्थामुळे नव्हे, करणाऱ्याच्या सामाजिक स्थानामुळे.

याचा अर्थ स्वयंसेवा निरर्थक आहे असा नव्हे. गणेशविसर्जनाच्या वेळी पुण्याच्या घाटांवर निर्माल्य नदीत पडण्यापूर्वी वेगळे गोळा केले जाते. तेथे विद्यार्थी आणि कचरावेचक स्त्रिया एकाच ठिकाणी उभ्या राहून काम करतात. भाविकाला समजावण्यास मनुष्यबळ हवे असते, आणि ओला-सुका भेद करण्यास अनुभवी हात. स्वयंसेवेचे उचित स्थान येथे दिसते. एक दिवस दुसऱ्याचे काम करून पाहणे हा तिचा आरंभ होऊ शकेल. आपल्या घरातील कचरा प्रतिदिनी वेगळा करून देणे आणि तो नेणारीला योग्य मोबदला व मान मिळेल असे पाहणे, ही तिची परिणती होय. वेठीपासून श्रमदानापर्यंत शहराने मजल मारली, हे खरे. परंतु दान देणाऱ्याचे नाव सभेत घेतले जाते आणि कष्ट करणारीचे नाव घरमालकालाही ठाऊक नसते, तोपर्यंत ती मजल अर्धीच आहे.