टेस्ट नापास झाली, पण कळलं कोणाला? सीपॅन ते एनपीएम



'अमुक आणि तमुक टूल्सचा तुलनात्मक अभ्यास' हा सिनॉप्सिसमध्ये सर्रास दिसणारा विषय. आत बहुतेक वेळा एक तक्ता असतो: वेग, लायसन्स, किती जणांनी डाउनलोड केलं, फीचर आहे की नाही. तक्ता चुकीचा नसतो, पण त्यातून इतिहास काही हाती लागत नाही. तुलना करायची तर एक प्रश्न लागतो, ज्याचं उत्तर दोन्ही टूल्सनी वेगवेगळं दिलेलं असतं. आज असाच एक प्रश्न घेऊ. सॉफ्टवेअरची टेस्ट नापास झाली, तर ते कोणाला कळतं?

आधी दोन शब्द नीट करून घेऊ. पॅकेज मॅनेजर म्हणजे दुसऱ्याने लिहिलेला कोड आपल्या मशीनवर आणून, त्याला लागणारा बाकीचा कोडही शोधून बसवून देणारं टूल. टेस्ट रिपोर्ट म्हणजे त्या कोडच्या चाचण्या चालवल्यावर आलेला निकाल. आज आपण ही दोन वेगळी खाती समजतो. पर्ल भाषेच्या जगात मात्र ती बराच काळ एकत्र नांदली, म्हणून सुरुवात तिथून.

लॅरी वॉल यांनी डिसेंबर १९८७ मध्ये पर्लची पहिली आवृत्ती दिली, तेव्हाच तिच्यासोबत चाचण्यांचा एक फोल्डर होता. चाचणीचा निकाल छापण्याची पद्धत अगदी साधी. पहिल्या ओळीत 'एक ते अमुक', म्हणजे एकूण किती चाचण्या होणार ते. मग प्रत्येक चाचणीला एक ओळ: 'ओके' किंवा 'नॉट ओके', आणि पुढे तिचा क्रमांक. बस्स. या पद्धतीला पुढे 'टेस्ट एनीथिंग प्रोटोकॉल', थोडक्यात टॅप, असं भारदस्त नाव मिळालं. पण वापर नावाच्या कितीतरी आधीचा.

त्या पहिल्या ओळीकडे जरा थांबून बघा. दहा चाचण्या होणार असं आधी सांगितलं आणि प्रोग्राम सहाव्या चाचणीनंतर कोसळला, तर आलेल्या सहाही ओळी 'ओके' असल्या तरी वाचणाऱ्याला कळतं की चार गायब आहेत. न आलेला निकालही मोजता येतो. पुराव्याच्या दृष्टीने ही फार मोठी सोय आहे.

१९९५ च्या ऑक्टोबरमध्ये सीपॅन सुरू झालं. जगभरच्या लोकांनी लिहिलेली पर्लची मॉड्यूल्स एका ठिकाणी ठेवणारं हे भांडार. यार्को हिएतानिएमी आणि आंद्रेआस क्योनिग ही त्यामागची दोन मोठी नावं, आणि मुख्य सर्व्हर फिनलंडमधल्या फुनेटचा. कल्पना उसनी होती: टेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीसाठी असंच 'सीटॅन' आधीपासून होतं, नावसुद्धा त्याच धर्तीवर घेतलं. (ज्यांना प्रबंध लाटेकमध्ये लिहायचाय त्यांची सीटॅनशी गाठ पडणारच आहे.)

सीपॅनवरून मॉड्यूल बसवताना पर्लचं टूल तीन पायऱ्या चढतं: बांधणी, चाचणी, मग बसवणी. मधली पायरी आपोआप होते. चाचणी नापास झाली तर टूल मॉड्यूल बसवायला नकार देतं. तुम्ही 'फोर्स' केलं तरच पुढे जातं. म्हणजे लेखकाने स्वतःच्या मशीनवर चाचणी केली हे पुरेसं नाही. ती तुमच्याही मशीनवर, तुमच्या डोळ्यांदेखत होते.

आता गंमत पुढे आहे. प्रत्येकाच्या मशीनवर चाचणी होतेच आहे, तर निकाल वाया का घालवायचा? १९९८ मध्ये ग्रॅहम बार आणि ख्रिस नॅन्डॉर यांच्या कल्पनेतून 'सीपॅन टेस्टर्स' सुरू झालं. स्वयंसेवकांनी नवी मॉड्यूल्स आपापल्या मशीनवर तपासायची आणि निकाल ई-मेलने एका जागी पाठवायचा. चार शेरे होते: पास, फेल, अननोन आणि एनए. एनए म्हणजे 'या मशीनला हे लागूच नाही'. सुरुवातीला हे काम हाताने व्हायचं, नंतर लोकांनी त्यासाठी रात्रंदिवस चालणारी मशीन्स लावली. त्यांना 'स्मोकर' म्हणतात. सोलारिस, फ्रीबीएसडी, विंडोज, वेगवेगळ्या पर्यायांनी बांधलेलं पर्ल, असं सगळं त्यात आलं. असे रिपोर्ट कोट्यवधी साठले. लेखकाकडे फक्त एक लिनक्स मशीन असलं तरी त्याचा कोड कुठे तुटतो ते तो बसल्या जागी वाचू शकायचा. आणि महत्त्वाचं म्हणजे, फक्त तोच नाही, कोणीही वाचू शकायचं.

याचा त्रासही झाला. स्मोकर वाढले तसा लेखकांच्या इनबॉक्समध्ये 'फेल'च्या मेलचा पाऊस पडू लागला. काही वेळा दोष कोडचा नसून स्मोकरच्याच मशीनचा असायचा. लेखक वैतागले, वाद झाले, मेल पाठवायची पद्धत बदलावी लागली. मला हा वाद त्या प्रकल्पातला सर्वात बोलका भाग वाटतो. परकी माणसं आपलं अपयश जाहीर मोजतात हे कोणालाच सोपं जात नाही, तरी ती व्यवस्था टिकली.

आता जावाकडे वळू, कारण तिथे याच प्रश्नाचं दुसरं उत्तर मिळालं. केंट बेक आणि एरिक गॅमा यांनी १९९७ मध्ये झुरिकहून अटलांटाला जाणाऱ्या विमानात जेयुनिट लिहायला घेतलं, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. रिपोर्टचा साचा मात्र जेयुनिटने दिला नाही. तो आला अँट या बिल्ड टूलमधून, एक्सएमएल फाइलच्या रूपात. मग हडसन आणि त्यातून २०११ मध्ये नाव बदलून आलेलं जेन्किन्स अशा सर्व्हरनी तीच फाइल वाचायला सुरुवात केली, आणि बघता बघता पायथनपासून सी-प्लस-प्लसपर्यंत सगळ्यांची टूल्स 'जेयुनिट एक्सएमएल' लिहू लागली. गंमत म्हणजे अधिकृत व्याख्या कोणाचीच नव्हती. प्रत्येक टूलची फाइल थोडी वेगळी.

या फाइलमध्ये टॅपपेक्षा माहिती जास्त असते: चाचणी कुठल्या क्लासची, वेळ किती लागला, त्रुटी कुठे आली. आलेख काढायला उत्तम. पण ती साधारणपणे चाचण्या संपल्यावर लिहिली जाते, त्यामुळे प्रोग्राम मध्येच मेला तर फाइल अर्धवट राहते किंवा तयारच होत नाही. आणि ती जाते कुठे? टीमच्या स्वतःच्या सर्व्हरवर. कंपनीच्या कामाला हे योग्यच आहे. पण कोड वापरणाऱ्या परक्या माणसाला तो निकाल दिसायची सोय त्यात नाही.

तिसरं उत्तर एनपीएमचं. आयझॅक श्लूटर यांनी २०१० मध्ये ते नोड-जेएससाठी आणलं. त्याच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांमध्ये 'एनपॅट' नावाची एक सेटिंग होती: चालू केली की पॅकेज बसवताना त्याच्या चाचण्याही चालणार. म्हणजे सीपॅनची वाट समोर होती. पण ती सेटिंग मुळात बंद असायची, आणि पुढे काढूनच टाकली. आज कितीतरी पॅकेजेसमध्ये चाचण्यांच्या फाइल्स घातलेल्याच नसतात. डाउनलोड हलका राहतो. नवं पॅकेज सुरू केलं की चाचणीच्या जागी 'चाचणी दिलेली नाही' अशा अर्थाचा एक तयार संदेश येतो, एवढंच.

याला आळस म्हणणं अन्यायाचं होईल. एका छोट्या प्रकल्पामागे शेकडो पॅकेजेस येत असतील तर प्रत्येकाची चाचणी चालवून बसवायला किती वेळ लागेल? पर्लवाले तो वेळ देत, आणि कुरकुरतही. २०१६ च्या मार्चमध्ये लेफ्ट-पॅड हे अकरा ओळींचं पॅकेज लेखकाने काढून घेतलं आणि जगभरचे बिल्ड अडले, तेव्हा चर्चा झाली ती पॅकेज काढू द्यावं की नाही याची. एनपीएमने ते काही तासांत परत ठेवलं आणि लगेच नियम कडक केले. सीपॅनवर लेखक आपलं मॉड्यूल काढू शकतो, पण 'बॅकपॅन' या जुन्या भांडारात त्याची प्रत राहते.

संशोधन करणाऱ्यांना आरच्या सीरॅनचं उदाहरण जवळचं वाटेल. १९९७ पासून चालणाऱ्या या भांडारात पॅकेज तपासल्याशिवाय आत जात नाही, आणि नंतरही वेगवेगळ्या प्रणालींवर पुन्हापुन्हा तपासलं जातं. निकाल सर्वांसाठी उघडे. तुटलेलं पॅकेज दिलेल्या मुदतीत दुरुस्त झालं नाही तर सरळ बाहेर. इथे तपासणारे परके स्वयंसेवक नाहीत, भांडारच तपासतं. तुमच्या प्रबंधातला आकडा आरमधल्या पॅकेजमधून आला असेल, तर ते पॅकेज त्या दिवशी कुठल्या प्रणालीवर पास होत होतं हे तपासायला निदान जागा आहे. पिपने आणलेल्या पायथन पॅकेजसाठी अशी एक सामाईक जागा नाही. पिप चाचण्या चालवत नाही.

आता साधनांबद्दल, कारण कोणी यावर काम करणार असेल तर अडचण इथे येईल. सीपॅन टेस्टर्सचे रिपोर्ट हे अस्सल प्राथमिक साधन आहे, पण ते नमुना-सर्वेक्षण नव्हे. टेस्टर स्वतःहून आलेले, त्यामुळे एकाच माणसाच्या चार स्मोकरमुळे एखादी प्रणाली फुगलेली दिसू शकते. रिपोर्ट नसणं म्हणजे पास असणं नव्हे. 'अननोन' शेऱ्यात बऱ्याचदा चाचण्याच नसलेली मॉड्यूल्स येतात. ती फेलमध्ये मिळवली तर निष्कर्षच बदलेल. आणि एनपीएमच्या बाजूला असा साठाच नसल्याने दोघांच्या टक्केवारीची तुलना करता येणार नाही. तुलना करायची ती नियमांची, सेटिंग्जची आणि त्या बदलताना झालेल्या चर्चांची.

सिनॉप्सिससाठी विषय शोधत असाल तर एक धागा मोकळा आहे. २०२२ मध्ये नोडच्या अठराव्या आवृत्तीत चाचण्या चालवायची सोय आतच आली, आणि तिचा निकाल सुरुवातीला टॅपमध्ये छापला जायचा. पोस्टग्रेस आणि लिनक्स कर्नलच्या चाचण्यांतही टॅप आहे. पर्लचा छापायचा साचा इतका दूर पोहोचला, पण निकाल परक्यांपुढे ठेवायची सवय त्याच्यासोबत का गेली नाही, यावर कमेंटमध्ये लिहा. पुढच्या लेखात बॅकपॅनमधून जुन्या आवृत्त्या कशा काढायच्या ते बघू.