तार आणि तिचे मोल

भारतातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, तेव्हा अनेकांना गहिवरून आले. वस्तुतः ती चालू होती तोवर तिच्याविषयी फारशी माया कोणाला नव्हती. तारवाला दारात उभा राहिला की पाकीट फोडण्यापूर्वीच घरातल्या बायका डोळ्यांना पदर लावीत. लग्नात शुभेच्छांच्या ताराही येत; तरी ‘तार आली’ याचा पहिला अर्थ ‘कोणीतरी गेले’ असाच राहिला. सततच्या संपर्काची ओढ आणि धास्ती भ्रमणध्वनीबरोबर आली असे आपण समजतो. ती त्याहून पुष्कळ जुनी आहे.

विल्यम ओशॉनेसी हा कंपनी सरकारच्या नोकरीतला डॉक्टर. त्याने १८३९ मध्ये कलकत्त्याजवळ तारेचे प्रयोग केले. पुढे लॉर्ड डलहौसीच्या पाठबळाने १८५४ मध्ये मुंबई आग्र्यामार्गे कलकत्त्याशी जोडली गेली आणि १८५५ पासून सामान्य जनतेलाही तार करता येऊ लागली. चारशे मैलांपर्यंत सोळा शब्दांना एक रुपया, असा दर होता. एवढ्या रुपयासाठी मजुराला कित्येक दिवस राबावे लागे; तेव्हा ‘सामान्य जनता’ हा शब्द जपूनच वाचावा! ११ मे १८५७ रोजी दिल्लीच्या उठावाची वार्ता तारेनेच अंबाल्यास गेली. उठाववाल्यांनी जागोजागी तारा तोडल्या. हे यंत्र कोणाच्या हातात आहे, हे त्यांनी अचूक ओळखले होते.

व्यापाऱ्यांना मात्र तारेने वेड लावले. अमेरिकेतील यादवीमुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. १८६५ च्या आरंभी इराणी आखातामार्गे हिंदुस्थान युरोपशी तारेने जोडला गेला आणि लिव्हरपूलचे भाव दिवसांच्या हिशेबात मुंबईस कळू लागले. त्याच वर्षी यादवी संपली, कापूस कोसळला आणि प्रेमचंद रायचंदांसारखे धनाढ्यही त्यात सापडले. बातमी महिनाभर उशिरा आली असती म्हणून बुडणे टळले नसते, हे खरे. पण भाव कळण्याची सवय एकदा जडली, की न कळलेला प्रत्येक तास पेढीवर बसलेल्याला छळू लागतो.

१८७० मध्ये ‘ग्रेट ईस्टर्न’ या प्रचंड जहाजाने मुंबईपासून एडनपर्यंत समुद्रतळाशी तार टाकली. पूर्वी लंडनचे पत्र येण्यास काही आठवडे लागत आणि तेवढा अवधी व्हाइसरॉय आपल्या मनाचा राजा असे. आता भारतमंत्र्याची आज्ञा काही तासांत टेबलावर येऊन पडे. लॉर्ड नॉर्थब्रुक आणि भारतमंत्री लॉर्ड सॉलिस्बरी यांच्या बेबनावाला धोरणांची कारणे होतीच, पण लंडनचा हा हात दिवसेंदिवस लांब होत चालला होता, हेही त्यामागे होते. नॉर्थब्रुकने १८७६ मध्ये पद सोडले. जे दुखणे त्या काळी व्हाइसरॉयसारख्यांच्या वाट्याला येई, ते आज कारकुनाच्याही खिशात आहे.

ते इतके खाली उतरण्यास वेळ का लागला? माझ्या मते, मोल हे एक कुंपण होते. शब्दागणिक पैसे पडत, म्हणून माणूस नेमके आणि अटळ तेवढेच कळवी. आखातात कामाला गेलेल्यांची खुशाली पत्रातून येई, पुढे एस.टी.डी. बूथवर आकडा पळताना पाहत चार वाक्ये बोलून होत. ३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसूंनी कलकत्त्याहून दिल्लीस सुखराम यांच्याशी भ्रमणध्वनीवर पहिले संभाषण केले. त्या काळात येणाऱ्या फोनचेही पैसे पडत. साहजिकच आपला क्रमांक माणूस निवडक लोकांनाच देई. मे २००३ मध्ये येणारे फोन मोफत झाले आणि कुंपण पडले.

त्यामुळे कुवेतमधल्या लेकाचा आवाज आईला वाटेल तेव्हा ऐकू येऊ लागला, कालांतराने त्याचा चेहराही दिसू लागला. पंधरा दिवस पत्राची वाट पाहिलेल्या कोणत्याही आईला विचारा, ती जुने दिवस परत मागणार नाही. पण त्याच वाटेने साहेबही जेवणाच्या ताटाशी येऊन बसला. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून, पन्नासांहून अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना या प्रश्नावर कामगारांशी वाटाघाटी करणे कायद्याने भाग पडले. आपल्याकडे बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये, कामाच्या वेळेबाहेर वरिष्ठांचा फोन न घेण्याचा हक्क मागणारे खाजगी विधेयक लोकसभेत मांडले. ते मंजूर झाले नाही. आईचा फोन न घेण्याचा हक्क त्यात कोणी मागितला नव्हता.